धुकं, विमान आणि कौन्नाकचं नाव

१४ सप्टेंबर

आजही विमान नाही. धुकं. विमानतळावरच्या साकियासीला विचारलं तर म्हणतो, "इकालुइट काय लांब आहे? हजार किलोमीटर. तीन तासांत पोचशील, विमान आलं की." विमान आलं की!

लीटियाचे दिवस भरलेत. पहिलटकरीण लेक माझी, तिकडं इकालुइटला दवाखान्याच्या वसतिगृहात एकटी. इथं मित्तिमातालिकमध्ये, या बर्फाळ टोकाच्या गावात, बाळंतपणं करत नाहीत, सगळ्यांच्याच लेकी आधीपासून तिकडं धाडायच्या. मी जावं तर इथं आई अंथरुणाला खिळलेली. जीव दोन्हीकडं टांगलाय.

१५ सप्टेंबर

आईनं आजही काही खाल्लं नाही. नर्स म्हणते, ताप उतरला, छाती मोकळी आहे, आता पोटात काही जायला हवं. चमचा जवळ नेला की आई ओठ मिटते.

१६ सप्टेंबर

कळलं. न कळतं तर बरं होतं.

सकाळी रागानंच म्हटलं, "उपाशी मरायचंय का तुला?"

"हो," म्हणाली. "बाळ यायच्या आत गेलं पाहिजे. नाहीतर कौन्नाक हे माझं नाव त्याला कसं मिळेल?"

गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की ते माणूस घरात परत येतं, हे मीही मानते. मला मामाचं नाव आहे. आई लाडात आली की अजून मला 'दादा' म्हणते. पण म्हणून असं?

"पुढच्या बाळाला देऊ," म्हटलं.

"तोवर कोण थांबतंय? आणि जिवंत माणसाचं नाव आपल्या घरात देत नाहीत."

हट्टी बाई. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१७ सप्टेंबर

धुकं.

१८ सप्टेंबर

काल गावच्या रेडिओवर आईसाठी प्रार्थना झाली. ती ऐकून कुणा शहाण्यानं इकालुइटला फोन केला — कौन्नाक गेली! आणि पहाटे लीटिया बाळंत झाली. मुलगी. पोरीनं रडत रडत बाळाचं नाव कौन्नाक ठेवलं, त्या नावानं हाकही मारली.

फोनवर मी म्हटलं, "अगं, आजी जिवंत आहे."

 लीटिया म्हणाली, "आई, आता नाव परत कसं घेऊ? ते ऐकून बाळ रडायचं थांबलं."

परत घेताच येत नाही. आता आईला कसं सांगू? म्हणेल, नाव पुढं गेलं आणि मीच मागं राहिले, आता उशीर नको.  लपवावं तर साकियासीची बायको आहेच, दुपारपर्यंत गावभर करेल.

१९ सप्टेंबर

सांगितलं. आई मग बोळकं पसरून हसली.

"तुमच्या विमानाआधी पोचले की मी! मग आता मरायची घाई कुणाला? रस्सा आण पोरी. सीलच्या मांसाचा. डब्यातलं सूप नको."