शेगडी कापायला दात कोणते?

प्रिय एन्सियोदादा,

सरोवराकाठून तौनोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुमची मांजर, तिघंही ठीक असतील. आई सुखरूप आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई शनिवारी घरी यायची होती. तिने डॉक्टरांनाच दम भरला होता, "शनिवारी मी माझ्या सॉनात, माझ्या फळीवर बसणार. नाहीतर तुमचा नवा खुबा काढून घ्या." आणि इथे आपल्या त्या वाफेच्या न्हाणीतल्या शेगडीचा तळ जळून भोक पडलेलं! नवी शेगडी आणली, पण जुनी दारातून निघेना. (बाबांनी आधी शेगडी ठेवली आणि मग तिच्याभोवती सॉना बांधला. असा सुतार अख्ख्या फिनलंडात एकच, आणि तो नेमका आपल्या वाट्याला आला.) कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेजारच्या आर्वीने विजेवर मागेपुढे धावणारी त्याची करवत दिली. पातं मात्र माझं मी आणायचं होतं.

दुकानात पात्यांनी भरलेल्या भिंतीसमोर मी उभा राहिलो. विक्रेता दोन हातांवर. मी विचारावं तर त्याला उगाच त्रास, त्याने विचारावं तर मला. दोघंही सभ्य घरचे, म्हणून दोघंही छताकडे बघत राहिलो. जितकी वस्तू कठीण तितके दात मोठे, असा विचार करून मी सगळ्यांत दांडगं पातं उचललं. ते लाकडाचं निघालं; शेगडीच्या ओतीव लोखंडाला, त्या बिडाला, टेकताच अर्धे दात गळाले. पुन्हा दुकान, पुन्हा छत. या खेपेला अगदी बारीक दातांचं आणलं. पत्रा त्याने सहज कापला असता, पण जाड बिडापुढे ते निळं पडलं आणि बोथट झालं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका बाईंना राहवलं नाही.

"बीड?"

"हं."

"मग कार्बाइडच्या दातांचं घे. आणि सावकाश चालव रे बाबा."

एवढं बोलून त्या स्वतःच लाजल्या आणि रंगाच्या डब्यांमागे पळाल्या. (आर्वीला सांगितलं तर म्हणतो, "अनोळखी बाई एवढं बोलली? प्यायलेली असेल.")

त्या पात्याने मात्र शेगडीचे मुकाट्याने चार तुकडे केले आणि शुक्रवारी नवी जागेवर बसली. शनिवारी आई काठी टेकत आत गेली. मी बाहेर पायरीवर देवाचा धावा करत बसलो. तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चुर्र आवाज आला आणि पाठोपाठ आईचा लांब सुस्कारा. दादा, खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ती पुन्हा चालेल की नाही, हा घोर महिनाभर जिवाला लागला होता. बाहेर आली ती लालबुंद होऊन, आणि काठी आत विसरून! मग दोन सॉसेज खाऊन वर माझंही अर्धं तिने संपवलं.

तुझा धाकटा,
तौनो

ता. क. आई म्हणते, नवी शेगडी चांगली आहे, पण घोरत नाही. "तुझे बाबा गेल्यापासून या घरात तेवढीच घोरायची. कुठे ठेवलीस तिला?" मी म्हटलं, दुरुस्तीला दिली आहे.

ता. ता. क. चारही तुकडे लाकडांच्या ढिगामागे गोणपाटाखाली झाकून ठेवलेत. तू जन्मभर गोदीत जहाजांचं वेल्डिंग केलंस, तुला शेगडी ती काय? सामान घेऊन लगेच निघ. दुरुस्तीवाला कोण, असं आई रोज विचारते, आणि मी तुझं नाव सांगून बसलोय.