हरणीनं ओळखलेला नट

गंगावेस, कोल्हापूर
शनिवार, दुपारचे बारा

तीर्थस्वरूप गणपतमामांच्या चरणी, ज्याचा नंबर तुम्ही चौदा महिन्यांमागं ब्लॉक केला त्या सम्राटचा, साष्टांग नमस्कार.

मामा, गुडघा कसा आहे? मामींचं बीपी? भातलावणी उरकली का? इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण ठीक नाही. ठीक असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं? शेवटचं पत्र मी सातवीत लिहिलं होतं, तेही परीक्षेत, काल्पनिक मामाला, आणि त्यात पाचपैकी दोन मिळाले होते. पण फोन तुम्ही घेत नाही, पूर्णिमाच्या मोबाईलवरून केला तर तिचाही आवाज ऐकून ठेवून दिला (ती दोन दिवस फणफणत होती, सासऱ्याच्या जागी मानते तुम्हाला). तेव्हा म्हटलं, कागद काही ब्लॉक होत नाही. एसटीनं धाडतो, वाचा. फाडायचं असलं तर वाचून फाडा.

आधी मोनाच्या लग्नाचं बोलतो, कारण ते टाळून पुढं सरकताच येणार नाही. चूक माझी. शंभर टक्के माझी. माझ्या बहिणीचं लग्न, तुम्ही नवरीचे मामा, तुऱ्याचा फेटा तुमचा, पुढची खुर्ची तुमची, हे मला शेंबड्या वयापासून माहीत. पण मामा, माझ्या जागी येऊन बघा. अक्षतांना दहा मिनिटं उरलेली, आणि कार्यालयाच्या दारातनं आत कोण येतंय, तर सिनेमातला तो गोरा हिरो. तोच भांग, तोच गॉगल, तीच चालायची ढब. बायका उभ्या राहिल्या, भटजी मंत्र विसरला, कॅमेरावाल्यानं नवरा-नवरीकडं पाठ केली. माझं डोकं ठिकाणावरच राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोठा माणूस आपल्या दारात, तोही न बोलावता. मी धावत गेलो, त्याला हाताला धरून आणला, तुमच्या खुर्चीवर बसवला, आणि फेटेवाल्याच्या हातात शिल्लक असलेला एकुलता एक फेटा (तुमचा) त्याच्या डोक्यावर बांधून घेतला. तो बिचारा नको नको म्हणत होता. मला वाटलं, मोठी माणसं अशीच साधी असतात. पुढं तुम्ही आलात, बघितलंत, आणि माझा जो उद्धार केलात तो पार शाहूपुरीपर्यंत गेला असेल. न जेवता गारगोटीची गाडी धरलीत. तो हिरो मात्र पोटभर जेवला. आठ दिवसांनी त्यानं कुरियरनं फेटा परत पाठवला, सोबत अर्धा किलो काजू आणि चिठ्ठी. आजऱ्याचा काजूवाला होता. वरच्या मजल्यावरच्या लग्नाला आलेला, जिना चुकला. काजू मात्र चांगले होते, एक नंबर.

असो. आता हरणीचं. तुम्ही आईला भाऊबीजेला दिलेली ती हरणी म्हैस, तुमच्या गोठ्यात जन्मलेली, तुमच्या हाताखाली वाढलेली. पाच वर्षं तिनं आमच्या घराला हात दिला. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईक येऊन सांगतं, हरणीचंच दूध द्या. समोर धार काढायची, फेसासकट गरम ग्लास हातात द्यायचा. वेळेला सहा लिटर, कधी चुकली नाही. आणि गेल्या महिन्यापासून मामा, ती पान्हाच सोडेना. दीड लिटर देते आणि सड आखडून घेते. डॉक्टर झाले, दोनदा. म्हणाले, म्हशीला काही झालेलं नाही, तिच्या मनात काहीतरी आहे. (पाचशे रुपये घेऊन हे सांगितलं. म्हशीच्या मनातलं मला फुकटात कळत असतं तर मी डॉक्टर नसतो झालो का?) इंजेक्शनं देऊन दूध काढायचं पाप आम्ही करणार नाही. सरकी बदलली, दृष्ट काढली, शेजारच्या धोंडुबाईनं सांगितलं म्हणून गोठ्याचं तोंड फिरवलं, म्हणजे एक भिंत पाडली. काही फरक नाही. रोजची गिऱ्हाइकं तुटायला लागली. शेवटी काळजावर दगड ठेवून कुरुंदवाडच्या अण्णाप्पांना हरणी विकायचा शब्द दिला. माणूस सज्जन आहे. म्हणाले, रविवारी सकाळी टेम्पो आणतो, माझ्यासमोर चार लिटर दिलं तर तुमच्याकडंच ठेवा, मीच सांगतो विकू नका. न्हाई दिलं तर न्हेतो. रविवार म्हणजे उद्या. आई चार दिवस नीट जेवलेली नाही.

तर या असल्या दिवसांत, परवा गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, कट्ट्यावर एक पाहुणा आला. टोपी कपाळावर, तोंडाला मास्क, पायात पांढरे बूट. दूधकट्ट्यावर पांढरे बूट घालून येणारा माणूस परगावचा, हे न सांगता कळतं. शांतपणे एका बाजूला उभा राहिला. इकडं आमची मंडळी साडेसहाच्या मालिकेवर बोलत होती. त्यातला तो खलनायक तात्यासाहेब गेल्या महिन्यात विहिरीत पडून मेला ना, त्यावर चर्चा. एक म्हणाला बरं झालं मेलं, दुसरा म्हणाला मला सापडला असता तर मीच ढकलला असता, तिसऱ्यानं तर त्याच्या घराण्याचा उद्धार केला. पाहुणा मान हलवत ऐकत होता. मी म्हटलं, पावणं, मोकळं उभारलाय तर जरा हे दावं धरा की. (कट्ट्यावर आला तो पावणा, आणि पावण्याला काम सांगितलं नाही तर त्याला परकं वाटतं, ही आपली पद्धत तुम्हीच शिकवलीत.) त्यानं दावं धरलं. चुकीच्या बाजूनं धरलं. हरणी वळली आणि तिनं आपला पाय, सगळ्या वजनासकट, त्या पांढऱ्या बुटावर ठेवला.

मामा, तो माणूस असा ओरडला, असा ओरडला की समोरच्या चहाच्या गाड्यावरचे कप हलले. आणि त्याच क्षणी हरणीनं पान्हा सोडला. धो धो. मी खाली बसलेलो, चरवीत धारा वाजायला लागल्या, मला आनंदानं काय करावं कळेना. मी ओरडलो, पावणं, पाय काढू नका, आणि वरडा. तो म्हणाला, अहो, बोटं मोडतील माझी. म्हटलं, मोडली तर दवाखाना जवळ हाय, पण तुम्ही वरडा. तेव्हा त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं सुरुवात केली. "आरं ए, कुणापुढं उभा हायस तू? उभा चिरीन आन् बांधाला लावीन." हरणीनं मान वळवली, डोळे मिटले, आणि त्याचं तोंड टोपीपासून हनुवटीपर्यंत एकदाच चाटलं. मास्क गेला, टोपी गेली, आणि समोर साक्षात तात्यासाहेब. म्हणजे अमरसिंह सरनोबत. स्वतः. गोव्याला शूटिंगला निघाले होते, वाटेत दूध प्यावं म्हणून थांबले. अर्धा तास आमच्यातल्या एकालाही ओळख पटली नाही. ओळखलं ते म्हशीनं.

मग मला उलगडा झाला. आई रोज संध्याकाळी कट्ट्यावर ग्लास विसळता विसळता बादलीला मोबाईल टेकवून ती मालिका लावायची, आवाज पूर्ण मोठा. सकाळच्या धारेला तोच भाग परत. तात्यासाहेब कुणाला तरी दम द्यायचा आणि हरणी दूध द्यायची. तात्यासाहेब मेला, आईनं मोबाईल बंद केला, दूध आटलं. इतकं सोपं होतं, आणि आम्ही भिंत पाडली. त्या संध्याकाळी साडेसहा लिटर निघालं. ज्यानं विहिरीत ढकलायची भाषा केली होती त्यानंच पहिला फोटो काढून घेतला, वर त्यांच्या खांद्यावर हात. सरनोबत दोन ग्लास दूध प्याले, मिशीला फेस, बूट हातात, आणि म्हणाले की तीस वर्षांत इतका खरा प्रेक्षक मिळाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते, आता ते कौतुकानं की अंगठ्यानं, ते मी विचारलं नाही. जाताना मी विनंती केली, साहेब, मोबाईलमध्ये चार वाक्यं भरून द्या. त्यांनी दिली. पण भरताना ते सावध झाले, घसा साफ केला, हसले आणि बोलले, नमस्कार कोल्हापूरकर, आपल्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. शुक्रवारी सकाळी ते हरणीला ऐकवलं. तिनं पाठ फिरवली आणि शेण टाकलं. मालिकेचे जुने भाग लावावे म्हटलं, तर ते बघायला पैसे भरा म्हणतात, भरले, तर उघडला तो नेमका विहिरीचा भाग. तिनं चरवी लाथाडली.

तर अशी ही हकिकत. मोठ्या माणसाची गाठ पडली, म्हणून सहज कळवावंसं वाटलं. काम असं काही नाही. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ असावा, नसला तर निदान राग थोडा कमी असावा.

तुमचा नालायक भाचा,
सम्राट

ता. क. काम आहे. काल संध्याकाळी पूर्णिमा मोनाच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होती (स्वतःची पैठणी कशी दिसते एवढंच बघते, दर महिन्याला), गोठ्याच्या दारात उभी राहून. मी हताश होऊन धारेला बसलेलो. आणि व्हिडिओत तुम्ही आलात. माझा उद्धार सगळाच्या सगळा रेकॉर्ड आहे, कॅमेरावाल्यानं तेवढं मात्र नीट टिपलंय. "आरं ए सम्राट्या, मामा मेला काय तुझा?" इथून सुरू. मामा, हरणीनं कान टवकारले, आणि पाच लिटर. म्हणजे तिनं त्या नटाला ओळखलंच नव्हतं. त्याचा आवाज तुमच्यासारखा, म्हणून तिला तो आपला वाटला होता. आज सकाळी परत तोच व्हिडिओ लावला तर दोन लिटरवर थांबली आणि मोबाईलच्या मागं जाऊन हुंगून आली. तिथं तुम्ही नव्हता. आता ती फसत नाही. उद्या सकाळी अण्णाप्पा येतात. तुम्ही या, तिच्या शेजारी उभे राहा, आणि मला तोंडाला येईल ते बोला. विषयाची कमी पडणार नाही.

ता. क. दुसरं. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. मला वाटलं चकित होईल. ती ग्लास पुसत म्हणाली, "मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. गणपासारखंच बोलतोय म्हणून तर लावत हुते. न्हायतर असली रडकी मालिका कोण बघतंय?" तात्यासाहेब विहिरीत पडला त्या रात्री ती जेवली नव्हती, आम्ही समजलो पित्त झालं. पण तिनं हेही निक्षून लिहायला सांगितलं आहे की थोरल्या बहिणीला न सांगता, न जेवता निघून जाणाऱ्या माणसाशी ती बोलणार नाही. म्हशीचं तेवढं बघावं आणि जावं.

ता. क. तिसरं, आणि हे खरं म्हणजे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. पत्र कंडक्टरच्या हाती देणार होतो. आईनं ते हातातनं काढून घेतलं, म्हणाली, कंडक्टर हरवंल. आता चप्पल घालून, पिशवी घेऊन दारात बसली आहे, तीनच्या गारगोटी गाडीनं निघते. तेव्हा मामा, हे पत्र तुमच्या हातात ज्या बाईनं दिलं ती तुमची बहीण आहे, आणि मी एवढं पाल्हाळ लावल्यामुळं ती मघापासून उंबऱ्याबाहेर उभी आहे. ती आधी बोलणार नाही. तिच्या पिशवीत तिचा मोबाईल चालू आहे, दुसऱ्या टोकाला मी कट्ट्यावर हरणीच्या कानाला फोन लावून, चरवी गुडघ्यात धरून बसलोय. साडेसहा वाजत आले असतील. तुम्ही तिला नुसतं आत ये म्हणा, आम्हा दोघांना इकडं ऐकू येईल.