कानाने जुळवलेली चाकं

४ मार्च
या घरात चिमट्याला जो मान आहे तो मला नाही. आज माझ्या छोट्या घरगुती इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा तापवायला स्वयंपाकघरातला चिमटा घेतला, तर हिने तो हातातून काढूनच घेतला. वास लागतो म्हणे! करंगळीच्या अंगठीएवढ्या रिंगा, त्यांचा वास तो किती! शेवटी पक्कड वापरली.

बिडाच्या नळीतून रिंग कापायची, काचेवर घासून सपाट करायची, एका जागी चिरायची. चिरेत पत्र्याचा तुकडा अडकवून लाल होईतो तापवायची. थंड झाली की फट तशीच राहते आणि इंजिनात रिंग सिलिंडरला आपणहून धरून बसते. चार केल्या, दोन मोडल्या. दोष पकडीचा. अर्थात.

७ मार्च
संस्कृतची तोंडी परीक्षा सुरू. यंदाची आठवी कमाल आहे – श, ष, स, तिन्ही ऊष्म वर्णांवर एकाचाही पाय घसरत नाही! बावीस वर्षांत प्रथमच लाल पेन्सिलीचं टोक शाबूत राहिलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, सर यंदा विरघळलेत. म्हटलं, तपश्चर्येचं फळ आहे. कुणाच्या, ते विनयाने सांगितलं नाही.

८ मार्च
इंजिनाच्या गिअरचं चाळीस दात्यांचं चाक कापून झालं. शेवटचा दाता पूर्ण आला, म्हणजे मोजणी चुकली नाही!

११ मार्च
मेहुण्यांना फोन केला. हिचे थोरले बंधू. उभा जन्म कारखान्यात गिअर कापण्यात गेला. म्हणाले, दोन चाकांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी घाला, चाकं दाबून स्क्रू आवळा, पट्टी ओढून काढा. बास, तेवढी सैल हवीत.

ज्या कानाने दोन पिढ्यांचे उच्चार निवडून काढले, त्याने रद्दीच्या हाताखाली काम करायचं? मी कानानेच जुळवली. चाकं खडखडत होती. खडखड थांबेपर्यंत एकमेकांजवळ सरकवत नेली. शेवटी – निःशब्द!

१२ मार्च
इंजिन चाललं! तिसऱ्या झटक्याला. रिंगांनी दम धरला, चाकं लोण्यासारखी. ही दारापर्यंत आली, क्षणभर उभी राहिली आणि बाहेरून दार लावून गेली. रसिकता सगळ्यांनाच कुठून असणार?

१५ मार्च, रविवार
मेहुणे आले. चहा होताच इंजिन सुरू केलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

‘‘दाजी, केवढं किंचाळतंय हे!’’

वाटलं, चेष्टा. मागच्या खेपेला मी त्यांच्या टोपीवर बोललो होतो, त्याची परतफेड. हसत विचारलं, काय किंचाळतंय?

ते इंजिनाकडे बघेनात. माझ्याकडेच बघत राहिले. मग बहिणीला हाक मारली. ती म्हणाली, ‘‘मी तर पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं. दात आंबतात त्या आवाजाने.’’

मेहुण्यांनी इंजिन थांबवलं. चाकांमध्ये कागद घालून बघितला, शिरेना. स्क्रू सैल केले, पट्टी घातली, आवळले, पट्टी ओढली. पुन्हा सुरू केलं.

‘‘आता?’’

मला दोन्ही वेळा सारखंच. फक्त पिस्टनची धपधप.

‘‘उत्तम,’’ म्हटलं.

जाताना जोडे घालत ते हळूच म्हणाले, आमच्या खात्यात निम्म्यांचं असंच झालं. बारीक आवाज आधी जातात. मी टोपीची चौकशी केली.

१६ मार्च
वर्गात खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. पोरांना पाठ म्हणायला लावलं. ओठ दिसत नव्हते.

वर्ग सुधारलेला नाही.

१७ मार्च
श आणि स मला वेगळे ऐकू येत नाहीत. कधीपासून, माहीत नाही. उद्या उरलेल्या अकरा जणांची परीक्षा आहे. हिला अजून सांगितलेलं नाही.