गिरिजा, तुझी सात पत्रं आज मिळाली

प्रिय गिरिजा,

तुला जाऊन पाच महिने झाले. बरेच दिवस न उघडलेलं ईमेल खातं कंपनी आपणहून बंद करून टाकते, म्हणून आज दुपारी वर्ग सुटल्यावर तुझं खातं उघडलं. पासवर्ड मीच ठरवून दिला होता, तुझ्या लेकीचं नाव. इनबॉक्समध्ये सगळी माझीच पत्रं होती. पण त्याच्या खाली 'ड्राफ्ट्स' असं लिहिलेलं असतं ना, त्याच्यापुढं सातचा आकडा होता.

लिहून ठेवलेली, पण न पाठवलेली पत्रं तिथं पडून राहतात. मी उठून दार लावलं आणि वाचायला बसले.

दिवाळीनंतर तू पंधरा दिवस कोल्हापूरला माझ्याकडं राहिलीस, तेव्हा माझ्या कॉम्प्युटरच्या वर्गात शेवटच्या खुर्चीवर बसायचीस. माऊसला हात लावायच्या आधी पदराला हात पुसायचीस. इंटरनेट म्हणजे काय, असं तू विचारलंस. गावोगावचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेनं एकमेकांना जोडलेत, असं मी सांगितलं. ईमेल म्हणजे त्या तारेवरनं जाणारं पत्र, आणि इनबॉक्स म्हणजे आलेली पत्रं पडतात ती पेटी. तू सगळं वहीत उतरवून घेतलंस. मग हळूच म्हणालीस, "म्हणजे हे पत्र आधी सासूबाईंच्या हातात पडणार न्हाय?"

तेव्हा मी हसले. तू का विचारतेस, हे मी तेव्हाच का नाही विचारलं?

एकदा तू अर्धा तास खपून पानभर मजकूर टाईप केलास आणि लाईट गेली. सगळं पुसलं गेलं. तू रडकुंडीला आलीस आणि मी वर तुझ्यावरच ओरडले, की आधी सेव्ह करायला काय झालं होतं? सेव्ह म्हणजे काय, असं तू विचारलंस.

"जपून ठेवणं," मी म्हटलं. "सेव्ह केलं की काळजी मिटली."

तेही तू वहीत लिहिलंस. 'सेंड' हा शब्द मात्र मी तुला कधी समजावलाच नाही. शेवटच्या दिवशी सरावासाठी तू मला एक पत्र लिहिलंस, तेव्हा तुझी एसटी चुकेल म्हणून मी तुझ्या हातातनं माऊस घेतला आणि ते बटण मीच दाबलं.

सासरी कागलला परत गेल्यावर तुझं एकही पत्र आलं नाही. मला वाटलं, शिकवलेलं विसरलीस. मग वाटलं, आळस करतेस. मी तुला मेल करत राहिले, वर्गातल्या गमती लिहीत राहिले, वर टोमणेही मारले. आणि तू, लेकीला बालवाडीत सोडून येताना एसटी स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन, मला उत्तरं लिहीत होतीस!

पहिल्या पत्रात दुसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळवलंयस. तिसऱ्यात पाय सुजल्याचं, चपलेत मावत नसल्याचं. भाऊजींना, तुझ्या नवऱ्याला, दोनदा सांगितलं, पण पोटुशी बाईचे पाय सुजतातच म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही, असं लिहिलंयस. पाचव्यात डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, 'अक्का, तू येऊन मला डॉक्टरकडं ने, तुझ्यापुढं ही माणसं न्हाय म्हणणार न्हाईत.'

मराठी सगळी इंग्रजी अक्षरांत. एकेक अक्षर शोधून टाईप करायला तुला किती वेळ लागला असेल, हे मला माहीत आहे.

एकदा मीच तुला फोन केला होता. तुमच्याकडं फोन पुढच्या खोलीत, आणि सासूबाई तिथंच बसलेल्या. तू एवढंच विचारलंस, "अक्का, मी लिहिलेलं वाचलंस का?"

मी म्हटलं, "काही आलंच नाही गं. नीट केलंस का?"

"व्हय की. सेव्ह केलंय."

मी तर शिकवणारी! तो शब्द कानावर पडूनही, तू पत्र नुसतं जपून ठेवतेस, पाठवत नाहीस, हे मला उमगलं नाही. बघते, म्हणाले आणि फोन ठेवला.

सातव्या पत्रात दोनच ओळी आहेत. 'अक्का, तुझी मेल आली. माझ्या दुखण्याबद्दल त्यात एक अक्षर न्हाय. तू कामात असशील, राहू दे.'

त्यानंतर नऊ दिवसांनी तुला झटके आले. कोल्हापूरच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस. बाळही गेलं. मी तुझा हात धरून बसले होते, ते तुला कळलं का गं? की अक्का वाचूनही आली नाही, हेच मनात घेऊन गेलीस?

एकदा तरी शेजारणीकडनं फोन करायचास, असा तुझ्यावर राग येतो. पण तू कशाला करशील? तुझ्या लेखी मला सगळं कळलेलं होतं.

तुला माती दिली त्या दिवशी आपली अव्वाच म्हणाली, "माझीच पोरगी, पण आतल्या गाठीची. तोंडानं कायबी बोलली न्हाय." भाऊजीही तेच म्हणाले, मला तरी कुठं सांगितलं? आणि गिरिजा, मीसुद्धा मान डोलावली.

सातही पत्रं मी आज देवनागरीत हातानं उतरवून काढलीत. रविवारी माहेरी जयसिंगपूरला जाणार आहे. अव्वा-अप्पांना समोर बसवून सगळी मोठ्यानं वाचणार. तुला काय शिकवलं आणि काय शिकवायचं राहिलं, तेही सांगणार. तिथनं कागलला जाऊन भाऊजींपुढं आणि सासूबाईंपुढं तीच पत्रं वाचणार, तिसरं जरा सावकाश.

अव्वा कदाचित पुन्हा माझं तोंड बघणार नाही. नाही तर नाही. पण गिरिजानं कुणाला सांगितलंच नव्हतं, असं आपल्या घरात यापुढं कुणी म्हणणार नाही, एवढा शब्द देते.

तुझी,
अक्का