दोन वर्षांची लेखी हमी

७ जानेवारी २०२२
कुत्रीच्या चार पिल्लांपैकी तीन विकली गेली. प्रत्येकाबरोबर माझं हमीपत्र: जन्मजात दोष निघाल्यास दोन वर्षं जबाबदारी आमची. मी 'हृद्वैकल्य', 'अस्थिदोष' असं रीतसर लिहिलं होतं. ही म्हणाली, "अहो, पिल्लू विकतोय आपण. ताम्रपट कोरताय का?" भाषा साधी केली — नाइलाजाने.

९ जानेवारी
उरलेल्या तपकिरी पिल्लासाठी एक निवृत्त नर्सबाई आल्या. सत्तरीच्या, एकट्या. पिशवीतून स्टेथोस्कोप काढून थेट स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या. पिल्लू नळी चघळतंय, ह्या ऐकताहेत. "छाती स्वच्छ! ह्याची हमी मीच देते."

कागद मात्र दोनदा वाचला. मग चष्मा पुसत — "मास्तर, माझ्या तब्येतीचं काही विचारलं नाहीत?"

मी छताकडे बघितलं. हिने विचारलं, सरळ.

"डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं. आणि तेही तोंडी!"

तिघंही हसलो.

१० जानेवारी
द्यावं की नाही? पिल्लू बारा-चौदा वर्षं जगेल. दोन वर्षांनी रिकाम्या घराच्या दाराशी बसून वाट बघेल — हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. हिला म्हटलं, "नाहीच म्हणू या."

भांडी विसळता विसळता ही: "मग तुम्ही जाऊन सांगा त्यांना. मी नाही येणार."

गेलो नाही.

११ जानेवारी
एक कलम वाढवलं: 'काही कारणाने सांभाळणं जमलं नाही, तर कुत्रा कुठल्याही वयात आमच्या घरी परत येईल.' काही कारणाने! इतका भित्रा शब्दप्रयोग उभ्या जन्मात केला नव्हता.

नर्सबाईंनी पेन मागितलं. 'काही कारणाने'पासून 'तर'पर्यंत सगळं खोडून वर लिहिलं — 'मी गेल्यावर'.

"माझ्या पुतण्याला कळायला हवं ना, मास्तर."

पिल्लू स्वेटरच्या आत घालून गेल्या. जाताना नुसते दोन कान दिसत होते.

२३ मे
नर्सबाईंचा फोन. त्याने एक चप्पल आणि त्यांच्या पथ्याचा तक्ता खाल्ला. हमीत बसतं का, विचारतात!

११ जानेवारी २०२४
मुदत आज संपली. सकाळीच नर्सबाई दारात — एका हातात काठी, दुसऱ्यात कुत्र्याचा पट्टा. परत द्यायला आल्या?

त्यांनी जुना कागद टेबलावर ठेवला. "नवा करून द्या. ह्याचा नको, हा घोडा झालाय. माझा. लिहा दोन वर्षं."

मी पेन उचललं. मागून ही —

"दोन कसली? पाच लिहा!"