आसरांच्या डोहाला दहात चार

ता. ९ नोव्हेंबर २००९, सोमवार
दहात चार! कोण कुटला चष्मेवाला, बसल्या जागी मार्क देऊन मोकळा झाला. आमच्या नातीनं, वैशालीनं, त्या खेळापायी डोळे फोडून घेतले ते त्याला दिसले न्हाईत. तिच्या हिंजवडीच्या हापिसानं कॉम्प्युटरवर खेळ काढलाय. एक गडी तलवार घेऊन हिंडतो, राक्षस मारतो, जादू शिकतो, मोठा व्हतो. त्यातली नदी आणि डोह वै.नं केलाय. इंटरनेटवर छापून आलं, तिनंच मराठी करून वाचून दाखवलं. जेवली न्हाई.

ता. ११, बुधवार
आज आणिक एक शहाणा. म्हणतो मारामारी झकास, राक्षस झकास, पण डोहात सात बाया उभ्या. कितीबी वार करा, मरत न्हाईत, अंगावर येत न्हाईत, वाट बी देत न्हाईत. खेळ बिघडलाय म्हणे.
पाण्यातल्या देव्या त्या, साती आसरा, मरतात व्हय? मी हसले. वै. न्हाई हसली.
म्हणली, "आज्जी, तलवार काठावर ठेवायची, हिरव्या बांगड्या वाहायच्या, मग त्या बाजूला होतात. तूच सांगितलेलं तसंच केलंय."
"खेळणाऱ्याला सांगितलंस का कुटं?"
"त्यात सांगायचं काय?"
बोंबला. आमच्या गावातलं शेंबडं पोर कोयता काठावर ठेवून पाण्यात उतरतं, म्हणून साऱ्या जगाला ठावं! चष्मेवाल्याचं चुकलं न्हाई, हिचंच चुकलं. तोंडावर बोलले तसं. फुगून बसली.

ता. १५, रविवार
वरच्या खोलीतला भाडेकरू, लातूरचा, ह्याच धंद्यातला. कॉम्प्युटर घेऊन खाली आला.
"आज्जी, तुमच्या नातीच्या डोहानं माझी सुट्टी खाल्ली."
बघते तर मेला आसरांवर सपासप वार करतोय.
"तुमच्याकडं आसरा न्हाईत का रं?"
"आहेत की. आई दर वर्षी ओटी भरते."
"मग ठेव की तलवार खाली!"
"एवढे राक्षस मारून मिळवलेली तलवार कोण खाली ठेवतं, आज्जी?"
ठेवली शेवटी. बांगड्या वाहिल्या. बाया सरकल्या, वाट झाली. गडी पल्याड गेला.
"झालं? एवढंच?" म्हणला आणि जांभई दिली.
वै. चहा घेऊन दारातच उभी. दहात चारनं रडली न्हवती, त्या जांभईनं रडली.

ता. १८, बुधवार
वै.च्या सायबाचा फोन. ती मोरीत व्हती, तर दत्तूनं उचलला. माझा लेक, तिचा बाप. सायेब म्हणला, डोह बदला. वार केला की बाई मेली पायजे, पाणी लाल झालं पायजे, अंगावरचा दागिना खेळणाऱ्याला मिळाला पायजे. डोह वै.चा, तर तिनंच करायचं, सोमवारपातुर. न्हाईतर तिला ह्या कामावरनं काढतील.
दत्तू लगीच, "व्हय सायेब, करंल की ती!"
"तिला इचारलंस?"
"आई, खेळच हाय तो. खरं कोण मारतंय?"
हा! विहिरीत मोटार बघायला उतरतो तर कोयता काठावर, चपला काठावर. आणि हा मला सांगतो खेळ.
मला इचाराल तर आसरा त्या डबड्यात घालायच्याच न्हवत्या. जिथं ओटी भरून मागं न बघता यायचं तितं ह्यांनी पोरं खेळायला नेली. तवा बोलले, कुणी ऐकलं न्हाई. पण आता घातल्यात तर…

ता. २१, शनिवार
वै.नं बसवून दाखवलं. सातातली एक केलीय तिनं. गड्यानं एक वार केला, बाई आडवी, पाणी लाल. पदर लई छान काढलाय बाईचा. तसाच ठेवून मारलीय.
"मार्क वाढतील?"
"वाढतील."
"मग तोंड का उतरलंय तुजं?"
म्हणली, "आज्जी, तू सांग. पाठवू का नको?"
म्हणजे उद्या काय झालं तर म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायला मोकळी. उठले, तांदूळ निवडत बसले. तांदळात खडे न्हवते.

ता. २३, सोमवार
सायबाचा फोन दोनदा वाजून थांबला. दत्तू दोनी बारीला धावला, दोनी बारीला मी हाताला धरून बसवला. वै. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसलीय. झाकण उघडत न्हाई, खाली बी ठेवत न्हाई. दत्तू म्हणतो, "आई, पोरीची नोकरी घालवशील." लातूरवाला जिन्यातनं डोकावून गेला.
आता लिहितेय ते मोठ्यानं वाचून दाखवणार हाय. परत वाजला तर दत्तूनं हात लावायचा न्हाई. मी बी उचलणार न्हाई. व्हय म्हणायचं असू दे नाय तर न्हाई म्हणायचं असू दे, वैशालीनं उठायचं, आणि सायबाशी तिनंच बोलायचं.