तिसऱ्या कप्प्यातलं यीस्ट

शनिवार, ३ मे

मंदारचा फोन. जुलैत मंडळाचं ग्रिलफेस्ट आहे, तिथे "श्रीकांतची हेझी" ठेवायची म्हणे, ह्यांची ती गढूळ बिअर. चाळीस लिटर. बाटल्यांवर श्रीं.चा फोटो. लेबलं छापायलाही टाकलीत. मला विचारायचं सगळ्यात शेवटी सुचलं.

"वहिनी, यीस्ट कुठलं तेवढं सांगा. शेवटच्या वेळी वहीत नुसतं 'बरणीतलं' लिहिलंय."

वही त्याच्याकडे. नोव्हेंबरात, तेरावा व्हायच्या आधीच "आठवण म्हणून" घेऊन गेला. तेव्हा कोणी घराचं दार मागितलं असतं तरी मी काढून दिलं असतं.

म्हटलं, बरणी माझ्याकडे आहे. फ्रिजमध्ये, तिसऱ्या कप्प्यात.

"अहो, ऑक्टोबरची? मेलं असेल ते. टाकून द्या. लंडनवालंच ना? पाकीट मिळतं. सेम स्ट्रेन, तीच जात."

मेलं असेल ते. हे मला सांगतो.

रविवार, ४ मे

रात्रभर डोकं तापलेलं. सकाळी बरणी काढली. तळाशी साईसारखा थर, दोन बोटं. वर श्रीं.च्या अक्षरात पट्टी: लंडन, ६ वी पिढी. सहा वेळा त्याच यीस्टची बिअर, दर वेळी हॉप्सची कडू फुलं पडायच्या आधी थोडं काढून पुढच्यासाठी ठेवलेलं. विरजण राखतात तसं. यात मला कधी काही अवघड वाटलं नाही.

ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचते आहे. जर्मन पुस्तकांना वाक्य संपवायची घाई नसते. पण कळतं. हे यीस्ट लवकर खाली बसत नाही, म्हणून बिअर गढूळ राहते; आणि हॉप्सचा वास फळासारखा होतो तो बराचसा याच्यामुळे. जुनं झालं तर आधी थोड्या पातळ गोड पाण्यात जागं करायचं.

अर्धं काढलं. माल्टचं पाणी उकळून, निववून त्यात घातलं. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं. ऊब पाहिजे ना.

बुधवार, ७ मे

आंबलं. नासलं.

खालच्या मजल्यावरच्या हेर ल्योफलरना नेऊन दाखवलं. ऐंशीचे आहेत, जन्म गावच्या ब्रुअरीत गेला. वास घेतला, बाटली लांब धरली. "सावर. वेग डामिट." आंबट, फेकून द्या. कुठे ठेवलं होतं? ओव्हनमध्ये. आणखी काय होतं तिथे? दही.

आजोबा माझ्याकडे बघतच राहिले.

दही लावलं तो चमचा, तोच ओव्हन, तीच ऊब. सत्तावीस वर्षं या थंड देशात मी अशीच दही लावते, हात आपोआप गेला. आणि म्हणे याला एवढी ऊब नकोच, तळघरातली एकोणीस-वीस डिग्री पुष्कळ. पुस्तकात होतं. मी ते पान वाचलं होतं!

अर्धं माझ्या हातानं घालवलं. मंदारनं नाही, मी.

दही मात्र छान लागलं. तेही सिंकमध्ये ओतलं.

शनिवार, १० मे

मंदार आला. हातात पाकीट आणि वही. बूटही न काढता सुरुवात. "वहिनी, राग नका धरू, पण तुम्ही कधी बिअर बनवलीय का?"

वही घेतली आणि पान काढून पुढे ठेवलं. दोन वर्षांपूर्वीचं. एकच माल्टचा रस, चार बादल्या, चार यीस्ट. श्रीं.नी ग्लासांच्या बुडाला टेपचे तुकडे लावून माझ्यापुढे ठेवले होते. नॉर्वेचं: संत्र्याच्या गोळीसारखं. अमेरिकेचं: पीच, पण घशात खरखर. गव्हाच्या बिअरचं: केळं, सरळ केळं. लंडनचं मी प्यायले आणि तोच ग्लास पुन्हा पुढे केला. खाली लिहिलंय: "सुनंदाने लंडन निवडलं. तेच कायम."

"वाचलं होतंस?"

"हां, म्हणजे... पण बनवायचा तर तोच ना."

बनवायचे तेच. श्रीं.ना वास कमी यायचा, सायनसमुळे. हे त्याला माहीत नाही. पंधरा वर्षं दर शनिवारी आमच्या तळघरात होता आणि माहीत नाही. श्रीं.नीच सांगितलं नसेल. त्यांचाही राग आला. लोकांनी "काय वास आहे रे!" म्हटलं की हे खुशाल मान डोलवायचे.

भांडले. बरंच. शेवटी मीच म्हटलं, एक रस करू, दोन बादल्या. एकीत बरणीतलं, एकीत तुझं पाकीट. आमची रेवा ग्लास भरेल, कुठला कशाचा ते मला सांगायचं नाही. बरणीतलं सरस निघालं तर अर्धं तुला देईन, ग्रिलफेस्टसाठी, आणि लेबलावर माझं नाव. पाकीट निघालं तर बरणी धुऊन टाकीन.

रागात बोलून गेले. पण बोलले.

सोमवार, १२ मे

दुसरं अर्धं शनिवारीच तळघरात ठेवलं. नवी बाटली, उकळलेला चमचा. दही त्या दिवसापासून लावलं नाही.

काही नाही. एक बुडबुडा नाही.

बुधवार, १४ मे

सकाळी सहाला खाली गेले. वर फेस. करंगळीच्या नखाएवढा, पण फेस.

जिन्यातच बसले. सात महिने थंडीत, कोणी काही खायला दिलं नाही, आणि हे जिवंत. श्री. पंचावन्नाव्या वर्षी, तपासण्या सगळ्या ठीक, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. कोणावर ओरडायचं?

रविवार, १८ मे

काल रस केला. यीस्ट दोनदा वाढवून घेतलं, चिमूटभर मागे ठेवलं बरणीत. मंदार आठला आला, मोठं भांडं त्यानंच उचललं. दुपारपर्यंत कामापुरतं बोललो. मी तापमान बघितलं, त्यानं धान्य ढवळलं. जिथे श्री. उभे राहायचे तिथे दोघंही उभे राहत नव्हतो, त्यामुळे सारखे एकमेकांना धडकत होतो.

भांडी धुताना म्हणाला, "वहिनी, मला पण तो हवाय हो. म्हणून तर लेबल वगैरे."

आता हे कशाला बोलायचं? सरळ चिडू तरी द्यायचं होतं.

हेर ल्योफलर डोकावून गेले. "भांडी धुतलेलं पाणी पिणार पुन्हा?" गढूळ बिअरला ते असंच म्हणतात. श्रीं.ना पण म्हणायचे.

शनिवार, ३१ मे

दोन्ही बाटल्यांत भरल्या. आठवड्यापूर्वी हॉप्स टाकले, सारखेच. झाकणांवर खुणा रेवानं केल्या, मी खोलीबाहेर. दोन्ही सारख्याच गढूळ. मला वाटलं होतं बघूनच ओळखेन.

रविवार, १५ जून

मंदार येत्या शनिवारी चाळीस लिटर करणार. म्हणजे आज ठरवायलाच हवं.

रेवानं दोन ग्लास ठेवले. टेप एकाच्याच बुडाला, बरणीवाल्या. तिला मराठी समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते, आज पहिल्यांदा म्हणाली, "आई, सावकाश."

उजवा: चांगला. आंबा, थोडी लिंबाची साल. पार्टीत संपेल असा.

डावा: मी ग्लास खाली ठेवला. पीच, आणि त्याखाली ताज्या पावाच्या आतला मऊ वास. दोन वर्षांपूर्वी हाच आला होता. शंकाच नाही. परत उजवा, परत डावा. डावाच.

"उंड?" रेवा म्हणाली, म्हणजे मग काय ठरलं. डावा, म्हटलं.

"मग उलटं करून बघ ना." हेही मराठीत.

ग्लास हातात धरून बसले. टेप असेल तर अर्धी बरणी मंदारला द्यायची. दोनशे माणसं पिणार, हसणार, ग्लास गवतात ठेवून विसरणार. टेप नसेल तर जे पाकीट कुणालाही मिळतं, त्याला मी श्री. समजले, आणि फ्रिजमध्ये सात महिने काय जपत होते?

अहो, तुमचं बरं होतं. ग्लास भरायचे आणि बघत बसायचे. निवडायचं मी. आताही मीच.

मंदारचा फोन दोनदा वाजला. रेवा म्हणाली, मी उलटा करू? हात बाजूला कर, म्हटलं. जोरात. ती रडकुंडीला आली आणि खोलीत गेली.

डावा ग्लास अजून अर्धा आहे. भरलेला उलटा करता येत नाही. पिते आहे.